शेंगदाणा म्हंजी तलावाकडं

माझी सगळी नोकरी वायपर तपासण्यात गेली. गाडीच्या काचेवर पाणी ओतायचं, वायपर फिरवायचा, काचेवर रेघ राहिली की त्या वायपरवर लाल खडूनं फुली मारायची. रिटायर होईपर्यंत हेच. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बाई, नोकरीतला एखादा थरारक प्रसंग लिहा," तेव्हा मी आधी पोटभर हसून घेतलं. वायपरमध्ये कसला आलाय थरार? पाऊस नसेल तर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग म्हटलं, हॉकीचं लिहावं. कारण शेवटची काही वर्षं मी वायपर कमी आणि हॉकी जास्त मोजत होते, पगार मात्र वायपरचाच मिळायचा.

पण आधी माकडांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा कारखाना लोणावळ्याजवळ, वलवणच्या पुढे, हायवेला लागून. एका वर्षी तक्रारींचा ढीग पडला की वायपरचं रबर निघून येतंय. डिझाइनवाले म्हणाले, रबर वाईट. खरेदीवाले म्हणाले, रबर उत्तम, डिझाइनवाल्यांचं डोकं वाईट. दोन्ही खात्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी पिऊ लागले. मी आपली एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत बसले आणि सगळ्यांना एकच विचारलं, गाडी तेव्हा कुठं उभी होती? पुण्याचे एक गृहस्थ भडकलेच. "अहो, रबराचं विचारा. माझ्या फिरण्याशी तुम्हाला काय करायचंय?" मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सांगा ना, घाटात भजी खायला थांबलो होतो म्हणून! डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय ना, म्हणून वाचा बसलीय."

निघालं काय, तर सगळी गिऱ्हाइकं घाटात त्याच वळणावर भजी खायला थांबलेली. तिथली माकडं भजी मिळाली नाहीत की बॉनेटवर चढून वायपरचं रबर उपटायची. रबर चांगलं, डिझाइन चांगलं, माकडं तर फारच हुशार. त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी बांधली. काय बिघडलं ते मागाहून, आधी कुठं बिघडलं ते विचारायचं. हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, कारण पुढे मीच ते विसरणार आहे.

माकडांमुळे कारखान्यात माझं नाव झालं आणि त्याच नावानं माझा घात केला. आमचे पर्सोनेलचे मोहितेसाहेब ट्रेनिंगसाठी कॅनडाला जाऊन आले. पंधरवडाभर गेले असतील, पण आले ते पुरते कॅनडाचे होऊन. तिथं त्यांनी बर्फावरची हॉकी बघितली. आमच्या कारखान्याची हॉकीची टीम होतीच, मुरमाच्या मैदानावर खेळणारी, गुडघे फोडून घेणारी. साहेबांनी जाहीर केलं की आता ही टीम आकड्यांवर चालवायची. "तिकडे प्रत्येक शॉट मोजतात. तुम्ही मोजणार, बाई."

मी म्हटलं, "साहेब, मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही मध्ये बोलणार नाही."

तर ज्यांना माझ्यासारखंच ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोलासमोर अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात. तिथं समोरच्यानं आगळीक केली की आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. मग त्यांचे चौघं आणि गोलकीपर एवढेच गोलात उभे राहतात, बाकीच्यांना अर्ध्या मैदानापलीकडे पिटाळतात. आपला एकजण गोलाच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो डीच्या तोंडाशी अडवतो आणि तिसरा सपकन मारतो. समोर माणसं कमी, म्हणून गोलाची संधी मोठी. साहेब याला पॉवरप्ले म्हणायचे. तो बर्फावरचा शब्द आहे, इथं चालत नाही, असं त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. शेवटी अंपायरही पॉवरप्ले म्हणायला लागला.

मोजायचं काय? शॉट किती मारले, त्यातले गोलाच्या चौकटीत किती गेले आणि त्यातले आत किती घुसले. बस्स. वायपरसारखंच होतं, फक्त वायपर पळत नाही.

अडचण एकच, धुकं. आमच्या मॅचेस रविवारी सकाळी आणि मैदान तलावाच्या कडेला. दसऱ्यानंतर सकाळच्या वेळी तलावावरून असं धुकं येतं की आपल्या हातातला चहा आपल्याला दिसत नाही. मी मधल्या रेषेपाशी टेबल टाकून बसायची आणि दोन्हीकडचे गोल मला दिसायचे नाहीत. मग मी कानांनी मोजायला शिकले. गोलाच्या मागे आमच्याच कारखान्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकलेल्या. फळीवर धप्प वाजलं की गोल. थप वाजलं की कीपरचं पॅड. टण्ण झालं की खांब. आणि काहीच वाजलं नाही, पण थोड्या वेळानं म्हैस हंबरली, तर शॉट बाहेर. गोलामागे शेजारच्या औंढे गावच्या म्हशी चरायच्या आणि त्यांना हॉकी मुळीच आवडत नसे.

धुक्यामुळे दुसरीही एक गोष्ट झाली. कॉर्नर मारण्याआधी कॅप्टन हातानं खूण करतो, कुठं मारायचं ती. धुक्यात हात दिसेना. मग आमचा कॅप्टन इक्बाल, जो एरवी कँटीन सांभाळायचा आणि ज्याचा आवाज गॅसच्या शेगडीवरून पॅकिंग विभागापर्यंत पोचायचा, त्यानं शब्दांच्या खुणा काढल्या. लोणावळ्याचा माणूस, त्याला काय सुचणार? चिक्की! "शेंगदाणा" म्हटलं की डावीकडे, "तीळ" म्हटलं की उजवीकडे, "काजू" म्हटलं की मारायचंच नाही, बाजूला पास द्यायचा. इक्बाल "शेंगदाणाऽऽ" अशी आरोळी ठोकायचा तेव्हा हायवेवरच्या एकदोन गाड्या थांबायच्या, असं म्हणतात.

आणि मारणारा होता योगेश. औंढ्याचा पोरगा, पेंट शॉपमध्ये कंत्राटावर. अंगानं काटक, बोलायला लाजरा, पण स्टिकवर चेंडू घेऊन अशी काही मनगटं फिरवायचा की धप्प हा आवाज मला पाठ झाला. सीझनच्या सुरुवातीला दर दोन-तीन कॉर्नरला एक गोल ठरलेला. साहेब खूश. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सीझन असाच गेला तर योगेशला खेळाडू म्हणून कायम करून घेऊ." कंत्राटावरच्या पोरासाठी कायम या शब्दाची किंमत काय असते ते मी नव्यानं सांगायला नको. इक्बालनं त्या दिवशी त्याच्या पोह्यांवर दुप्पट शेव घातली.

आणि दिवाळीनंतर धप्प बंद झालं.

बंद म्हणजे आधी कमी, मग जवळजवळ बंदच. थप, थप, टण्ण, थप, म्हैस, थप. टीममध्ये एकच हलकल्लोळ माजला. कोणी खांबाला लिंबू-मिरची बांधली. ती म्हशीनं खाल्ली आणि बाकीची मॅच ती म्हैस आमच्याच गोलात ठिय्या देऊन बसली. इक्बालनं खेळाडूंचं ताक बंद केलं, कारण ताकानं मनगट जड होतं म्हणे. योगेशची स्टिक बदलली, बूट बदलले, चेंडू ढकलणारा बदलला, अडवणारा बदलला. साहेबांनी कॉन्फरन्स हॉलमध्ये मनोबलाचं शिबिर घेतलं. सगळ्यांना डोळे मिटून गोल दिसतोय अशी कल्पना करायला लावली. अर्धे खेळाडू रात्रपाळी करून आलेले, ते घोरायला लागले. साहेब म्हणाले, "बघा, किती खोल गेलेत."

मला या सगळ्याचा संताप यायचा. दोन वायपर खराब निघाले म्हणून कोणी मशीन उघडून बसत नाही. मी साहेबांसमोर कागद ठेवले. म्हटलं, "साहेब, शॉट आधी जितके मारत होतो तितकेच मारतोय. चौकटीतही तितकेच जातायत. म्हणजे मारणाऱ्याचा हात बिघडलेला नाही. कीपर अडवतोय, बस. नाणं उडवलं तरी कधीकधी लागोपाठ काटाच पडतो, म्हणून आपण नाणं बदलतो का? थोडा धीर धरा, आपोआप भरून येईल."

फार ऐटीत सांगितलं हो! बोलताना चष्मासुद्धा काढून हातात धरला होता. आणि भरून काही आलं नाही. पुढच्या दोन्ही घरच्या मॅचना भोपळा. कँटीनमध्ये मी गेले की पोरं खिशातून नाणं काढून उडवायची आणि एकमेकांना म्हणायची, "काटा! मॅडम, धीर धरू का?"

मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, भावनेनं नको, आकड्यांनीच जाऊ. शेवटची मॅच पुढच्या रविवारी आहे. त्यातही योगेशनं पॉवरप्लेवर गोल केला नाही, तर तुमचे कागद जोडून मी वर कळवतो. टीममधून नाव कमी, आणि मग कायम करायला कारणच उरत नाही."

केबिनमधून बाहेर आले. माझेच कागद! कोणाच्या पोटावर पाय यावा म्हणून का मी धुक्यात कान टवकारून बसले होते? घरी आले, भाजी करपवली, नवऱ्यावर विनाकारण खेकसले. तो बिचारा म्हणाला, "मग माकडांना विचार." त्याला नुसतं चिडवायचं होतं. मी मात्र करपलेली कढई तशीच टाकून कागद काढून बसले.

कुठं! कुठं बिघडलं, हे मी विचारलंच नव्हतं. सगळे शॉट एकाच ढिगात टाकून मोजत होते, मी, माकडं पकडणारी बाई! आता ते वेगळे केले. बाहेरगावच्या मॅचेस एकीकडे, घरच्या एकीकडे. बाहेरच्या मॅचेस मोजक्याच, पण तिथं योगेश अजूनही छान गोल मारत होता. दुष्काळ फक्त घरी. मग घरच्या मैदानाचे दोन गोल वेगळे केले. नाल्याकडच्या गोलात अधूनमधून तरी धप्प. जांभळाच्या झाडाकडच्या गोलात दिवाळीनंतर एकही नाही. सगळं थप. आणि गंमत म्हणजे कीपर दरवेळी वेगळ्या टीमचा, तरी त्या गोलात उभा राहिला की देवच अंगात आल्यासारखा नेमका तिकडेच झेपावणार.

म्हणजे योगेश नाही, नशीबही नाही. माकड त्या जांभळाखालीच होतं.

शेवटच्या मॅचच्या आधी, बुधवारी, एक सरावाची मॅच होती कामशेतकडच्या पोरांशी. सकाळी लवकर ठेवलेली, धुकं गच्च. मी माझं टेबल सोडलं, खुर्ची उचलली आणि जांभळाखाली जाऊन बसले. तिथं कट्ट्यावर आधीच दोन म्हातारे बसलेले. एकाला मी ओळखत होते, योगेशचे आजोबा. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. घोंगडी पांघरून, डोक्याला मुंडासं, हातात भाजलेल्या शेंगा. दुसरे त्यांचे जुने दोस्त सोपानमामा. रेल्वेत होते, घाटातल्या इंजिनांच्या शिट्ट्या आयुष्यभर कानाशी वाजून वाजून ऐकू येईनासं झालेलं.

"या, या मॅडम," आबा सरकून बसले. "हितं बसा. हितनं लय झ्याक दिसतं."

दिसत काहीच नव्हतं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही नेहमी येता?"

"आदी न्हाई येत व्हतो. भात उभं व्हतं ना. दिवाळीच्या टायमाला झोडनी झाली, तांदूळ घरात आला, मग मोकळा झालो. म्हातारी गेल्यापास्नं घर खायला उठतं बगा. आता दर रैवारी आमी दोगं हितंच, आन आज सराव हाय म्हून आज बी."

माझ्या मनात कुठंतरी घंटी वाजली. दिवाळीला भाताची झोडणी झाली. दिवाळीनंतर धप्प बंद झालं.

तेवढ्यात आमच्या टीमला कॉर्नर मिळाला, याच गोलात. धुक्यातून इक्बालची आरोळी आली, "शेंगदाणाऽऽ!"

आबा ताडकन उठले. सोपानमामांच्या कानाशी तोंड नेलं आणि शेतातल्या बैलाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "शेंगदाणा म्हंजी तलावाकडं! तलावाकडं मारनार आता आमचा योग्या!"

त्या गोलावर मारताना डाव्या हाताला तलाव येतो, उजव्या हाताला रस्ता. कीपर आमच्यापासून बारा-पंधरा पावलांवर उभा. तो शांतपणे तलावाकडे सरकला. चेंडू आला, थप!

"आडीवला," आबा हळहळले. "कीपर लय हुशार हाय. ह्या गोलात येतेत ते समदेच हुशार असत्यात."

पुढचा कॉर्नर. "तीऽऽळ!"

"तीळ म्हंजी रस्त्याकडं! सोपान, आयकलं का? रस्त्याकडं!"

थप!

मी डोक्याला हात लावला. अख्ख्या कारखान्यानं स्टिक बदलली, बूट बदलले, ताक सोडलं, डोळे मिटून घोरले, आणि इकडे आजोबा नातवाचं कौतुक म्हणून प्रत्येक शॉटचा पत्ता कीपरला ओरडून सांगतायत! आमच्या पोरांच्या आरडाओरड्यात ते पलीकडे कोणाला ऐकूच गेलं नव्हतं. खुणा त्यांना कळल्या कशा, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. रात्री जेवताना योगेशनंच सांगितल्या असणार.

आता त्यांना सांगणं भाग होतं. मी घसा खाकरला. "आबा, एक बोलायचं होतं."

"बोला की." त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. "पन आदी आयका. ह्या सोपानला काय आयकू येत न्हाई. पन म्या त्येला समदं समजावतो. योग्या कुटं मारनार, कसा मारनार, समदं. त्येला बी कळाया पायजे ना, आपला पोरगा काय चीज हाय ते. आता कायम व्हनार म्हंत्यात. व्हय ना वं मॅडम? व्हईल ना?"

"होईल," मी म्हटलं. आणि शेंगा सोलत बसले. कसलं बोलणं न् कसलं काय! आयुष्यभर मी हजारो वायपरवर लाल फुल्या मारल्या, कधी मागेपुढे बघितलं नाही. या एका म्हाताऱ्यावर काही मला फुली मारता येईना.

सराव संपल्यावर इक्बालला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी इतका हसला की जमिनीवर बसला. मग एकदम गंभीर झाला. "मॅडम, रविवारपास्नं खुणाच बंद करतो."

"धुक्यात हात दिसेल का?"

"मग आबांना त्या दिवशी येऊ नका सांगू?"

"शेवटची मॅच आहे. नातवाची. तू सांगतोस?"

इक्बालनं कानाला हात लावले. मग आम्ही दोघं कँटीनच्या मागे, कांद्याच्या पोत्यावर बसलो, आणि तिथं मला सुचलं. खुणा बंद कशाला करायच्या? उलट्या करायच्या. जांभळाकडच्या गोलात शेंगदाणा म्हणजे रस्ता आणि तीळ म्हणजे तलाव. आबांना ओरडू दे हवं तेवढं.

योगेशला बोलावलं. मी म्हटलं, "आपल्या खुणा बाहेर फुटल्यात. कुठून ते माहीत नाही. या गोलात आता उलटं मारायचं. आणि हे बघ, घरी कोणाला सांगू नकोस. आबांना तर नकोच, उगाच त्यांच्या डोक्याला ताप."

योगेश माझ्याकडे बघत राहिला. मग इक्बालकडे. इक्बाल कांदे मोजत असल्याचं नाटक करत होता. हळूहळू त्या पोराचे कान लाल झाले आणि मग तो खुदकन हसला.

"मॅडम," तो म्हणाला, "आबाला काय बोलू नका हां."

"मी काय बोलणार? मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही."

रविवार उजाडला. तळेगावकडची तगडी टीम, त्यांचा कीपर दारात मावणार नाही एवढा. साहेब कॅनडाहून आणलेली टोपी घालून आलेले, हातात माझ्या कागदांची फाईल. धुकं असं की नाणेफेकीचं नाणंच सापडेना, दुसरं आणावं लागलं. पोरांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. मी सरळ जांभळाखाली जाऊन बसले. आबांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं होतं. सोपानमामांनी दाढी केली होती.

पहिल्या अर्ध्यात आम्ही नाल्याकडे मारत होतो. तिकडे दोन कॉर्नर मिळाले. एक टण्ण, एक म्हैस. साहेबांनी फाईल उघडली. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलली, आता जांभळाकडचा गोल आमच्या पुढ्यात. बरोबरी, भोपळ्याला भोपळा. खेळ सगळा मधेच अडकलेला, कॉर्नर काही मिळेना. आबा दर मिनिटाला विचारायचे, "किती टाइम ऱ्हायला?" आणि मी दरवेळी "आहे अजून" म्हणायची. नव्हता फारसा.

अगदी शेवटी शिट्टी वाजली. पॉवरप्ले! अंपायरच ओरडला, साहेब खूश झाले असतील. पाच जण गोलात शिरले. तो दारात न मावणारा कीपर आमच्यासमोर पाठ करून उभा राहिला.

"शेंगदाणाऽऽऽ!"

आबा उठले. आवाज घोगरा झालेला, पण जोर तोच. "सोपान! शेंगदाणा म्हंजी तलावाकडं! तलावाकडं मारनार बग आता!"

कीपरनं मान किंचित तिरकी करून ऐकलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. योगेशनं मनगटं फिरवली असतील, ती धुक्यात दिसली नाहीत. कीपर मात्र दिसला. अख्खा माणूस तलावाच्या दिशेनं हवेत आडवा झाला.

धप्प!

रस्त्याकडच्या कोपऱ्यात. फळी थरथरली. कोणी ओरडायच्या आत आबांचा आवाज सगळ्या मैदानानं ऐकला, "आरारारा! चुकला की रं!"

मग जो गलका झाला तो विचारू नका. इक्बाल धावत सुटला तो धुक्यात नाहीसा झाला आणि नाल्यापाशी सापडला. साहेबांनी टोपी उडवली, ती म्हशीच्या शिंगावर बसली. मी खुर्चीवर उभी राहून शिट्टी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मला शिट्टी मारता येते हे मलाही माहीत नव्हतं.

योगेश कायम झाला. कारखान्याच्या मासिकात साहेबांनी लेख लिहिला, मनोबलाच्या शिबिरानं पॉवरप्ले कसा सुधारला त्याबद्दल. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

ऑर्डर हातात पडली त्या दिवशी आबा पेढे घेऊन कारखान्याच्या गेटवर आले, सोबत सोपानमामा आणि माझ्यासाठी पिशवीभर इंद्रायणी तांदूळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक तक्रार हाय. त्या दिवशी इक्बाल शेंगदाणा म्हनला, आन आमच्या योग्यानं मारलं रस्त्याकडं. गोल झाला ही गोष्ट येगळी. पन कॅप्टनचं आयकायला नगं का? कायम झालं म्हून काय मनाला यील तसं मारायचं? तुमी जरा दम द्या त्येला."

"देते," मी म्हटलं. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आबा वॉचमनला पेढे द्यायला गेले. सोपानमामा माझ्याजवळच उभे होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मामा! पेढा घ्या!"

ते दचकून मागे सरकले. "हळू बोला वं बाई. आयकू येतंय मला."

त्यांनी मफलर थोडा बाजूला केला. कानात बोराच्या बीएवढं मशीन.

"पोरीनं बसवून दिलंय, गणपतीतच. रेडिओ बी आयकतो, कुत्रं भुकल्यालं बी आयकतो. पर ह्याला बोललो न्हाई. तुमी बी बोलू नगा."

"का पण? रोज कानात एवढं ओरडतात ते!"

"वरडू द्या की." त्यांनी पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला. "म्हातारी गेल्यापास्नं त्यो कुनाशी धड बोलत नव्हता. पोरगं कामावर, सून कामावर. नातवाचं कवतिक सांगायला त्येला कुनीतरी बहिरं लागतं, बाई. आयकनाऱ्याला येकदाच सांगता येतं."

एवढ्यात आबा परत आले, सोपानमामांनी मफलर सारखा केला आणि चेहरा एकदम कोरा करून टाकला. इतका कोरा की माझ्याही मनात क्षणभर शंका आली.

पुढच्या सीझनला मी रिटायर झालेली होते. मोजायला नवी मुलगी आली, तिच्याकडे टॅब आहे. मी तरी पहिल्या रविवारी गेले, आणि टेबलाकडे न जाता सरळ जांभळाखाली. दोघं तिथंच होते, शेंगाही होत्या. आम्हाला कॉर्नर मिळाला, याच गोलात. इथल्या खुणा अजून उलट्याच होत्या. धुक्यातून आरोळी आली, "तीऽऽळ!"

आबांनी सोपानमामांच्या कानाशी तोंड नेलं. "तीळ म्हंजी रस्त्याकडं! रस्त्याकडं मारनार आपला योग्या!"

सोपानमामांनी माझ्याकडे बघितलं नाही. हाताचा तळवा कानामागे धरला आणि विचारलं, "काय म्हनला? परत सांग."

आबांनी परत सांगितलं.